वरच्या काकांचा एमआरआय

चांगल्या शहाण्या माणसाला दहा मिनिटांत वैतागवून टाकण्यात आमच्या वरच्या काकांचा हात धरणारं अख्ख्या भोपाळात कुणी नसेल. नागपूरहून सरकारी नोकरीत इथे आले, नकाशे काढत निवृत्त झाले आणि बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीला सुधारायला मोकळे झाले. दूधवाल्याने गेट कसं लावावं, माझ्या तुळशीला ऊन कुठून द्यावं, सगळं ते गॅलरीतून सांगत. गप्प बसलेले काका मी तरी पाहिले नव्हते.

मग त्यांच्या उजव्या कोपराजवळ बोराएवढी गाठ आली. दाबली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जात. भेटेल त्याला ते ती दाबून दाखवत. भाजीवाल्याला तर दोनदा. डॉक्टर म्हणाले, गाठ नसेवर आहे, नस नेमकी कुठून जाते ते एमआरआयमध्ये दिसल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही. काकांनी डॉक्टरांच्याच कागदामागे नसेचा नकाशा काढून दिला.

न्यायचं काम माझ्यावर आलं. हात डोक्यावर ताणून पालथं पडायचं आणि अर्धा तास हलायचं नाही, एवढंच. पहिल्यांदा काकांनी मान वर करून यंत्राच्या आवाजाची तक्रार केली. दुसऱ्यांदा टेक्निशियन म्हणाला, "अंकल, हिलिए मत," तर त्यांनी मान हलवून होकार दिला. दोन्ही वेळा चित्रं पुसट आली. काका, तुम्हाला गाठ ठेवायचीच आहे का, असं मी चिडून विचारलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "संधिवातानं तुझ्या काकूची बोटं आखडलीत गं. तिची वेणी मी घालतो. नस कापली गेली तर?"

मी काकूंना फोन केला. त्या ऑटोने आल्या, बांगड्या, मंगळसूत्र, पिना माझ्या ओंजळीत ठेवून आत गेल्या आणि काकांच्या पावलावर हात ठेवून बसल्या. अर्धा तास काका तसूभर हलले नाहीत.

गाठ साधीच निघाली आणि नसेला धक्का न लागता सुटली. हात बरा होईपर्यंत तीन आठवडे काकूंची वेणी मी घातली. काका समोर खुर्ची टाकून बसत. पेड सैल आहे, भांग वाकडा आहे. मी रोज चरफडत घरी येई. एका सकाळी वर गेले तर वेणी झालेली होती. आता तुला यायला नको, काका म्हणाले. मी खाली आले, आणि सकाळच्या त्या वेळेचं काय करावं, ते मला बरेच दिवस कळेना.