देवाच्या नावाचं पिल्लू

शिमग्याला मुंबईहून आलेला गाववाला आमच्या अंगणात उभा राहिला आणि आईला म्हणाला, "काकी, तुझा पोरगा आता गिरणीत जात नाय. खोलीवर पडून असतो. खोकला आला की रक्त पडतं."

बाप मी रांगत असतानाच गेला होता. घरात आई, मी आणि वहिनी. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी; घरं थोडी, शेतं उतारावरची. दादाचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि त्यातले दिवस तो घरी किती राहिला ते विचारू नये.

आई त्याच पावली गुरवाकडे गेली. त्यानं देवाला कौल लावला. "गेल्या साली तुमच्या घरचा कोंबडा द्यायचा राहिला," तो म्हणाला. "देवाचा मान अडलाय. तो चुकता करा, पोर उठेल. विकतचा चालणार नाय. आपल्या खुराड्यातला पायजे."

खुराड्यात तेव्हा कोंबडे होते. आई दुसऱ्या दिवशी एक धरायला गेली, तर दोन कोंबड्या मान वाकडी करून पडलेल्या. वाडीत मर आली होती. कोंबड्या हिरवं हगायच्या, एका जागी गोल फिरायच्या आणि संपायच्या. आमचं खुराडं रिकामं झालं. माळ्यावर अंड्यांवर बसलेली एक खुडूक तेवढी वाचली. तिची पिल्लं बाहेर पडली आणि मग तीही गेली.

वहिनीनं पिल्लं चुलीजवळ डालग्याखाली घेतली, फाटक्या लुगड्याच्या घडीवर. तिचं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठावरचं. तिच्या बापाकडे कोंबड्या पुष्कळ. मी तिच्याहून बरीच लहान, तरी ती मला वन्सं म्हणायची.

पहिले दिवस तिनं वरीच्या कण्या मऊ शिजवून बोटानं चोचीपुढे धरल्या. आईला तो वेळकाढूपणा वाटला. पिल्लं लवकर भरावीत म्हणून तिनं एका सकाळी भाताचे दाणे मूठभर टाकले. दुपारी एक पिल्लू कोपऱ्यात डोळे मिटून उभं. गळ्याखालची पिशवी दगडासारखी टणक. वहिनीनं तेलाचं बोट लावून ती हळूहळू चोळली, पण पिल्लू गेलं.

"दाण्यानं कधी कोंबडी मरते का?" आई म्हणाली. आवाज मात्र खाली आला होता.

"सासूबाय, त्यांना दात नायत. पोटात खडे असले की दाणा दळतो. त्यांची आई असती तर तिनं उकरून दाखवले असते." मग मला म्हणाली, "वन्सं, ओढ्यातली रेव आणा. अगदी बारीक, मोहरीएवढी."

मी परकराच्या ओच्यात रेव आणायची. वहिनी ती धुऊन, माती काढून, करवंटीत ठेवायची. पिल्लं आधी नुसती बघत राहिली, मग एकानं खडा उचलला आणि बाकीची धावली. त्यानंतरच तिनं त्यांना वाळवी दिली. फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरून ती ते वारुळाशी उपडं ठेवायची. सकाळी आत वाळवी वळवळत असायची. तो पिल्लांचा सण. एकमेकांच्या अंगावरून उड्या मारायची.

वैशाख संपता संपता, आगबोटी बंद व्हायच्या आधी, दादा आला. महाडच्या बंदरावरून त्याला डोलीतून वर आणला. मी त्याला ओळखलं नाही. त्याचे कान मोठे झाल्यासारखे दिसत होते.

त्याला पडवीत निजवला. वहिनी त्याला पेज भरवायची, आणि तो चार घोट घेऊन मान फिरवायचा. मग ती तिथंच बसून पिल्लांना खाऊ घालायची, कारण ते बघायला त्याला आवडायचं. कौलाचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

एकदा त्यानं विचारलं, "ह्यातला माझा कुठला?"

वहिनीचा हात थांबला. "अजून कळत नाय," ती म्हणाली. खोटं होतं ते. तुरा एकालाच फुटत होता, तांबूस, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

दादानंही ओळखलं. त्यानं मडक्यातून वाळवी चिमटीत घेतली आणि त्या पिल्लापुढे धरली. "खा रे, जल्दी मोठा हो," म्हणाला. आई दारातून उठून मागल्या अंगणात गेली.

पाऊस लागला. दादाचा आवाज बसला. पिल्लाचे पाय लांबले. आई गुरवाकडे पुन्हा पुन्हा जायची. "आरवल्याशिवाय कोंबडा नाय," तो म्हणायचा. "पिल्लू देवाला कसं चालेल?" मग आम्ही रोज पहाटे ऐकत पडायचो. नुसती पागोळ्यांची धार. आई करवंटीत रेव आपल्या हातानं भरू लागली. घरात तांदूळ आटले होते, तरी वाळवी मिळाली नाही त्या दिवशी आपल्या ताटातला भात ती कोंबड्यापुढे ठेवायची.

गौरी यायच्या आत दादा गेला. वहिनीच्या मांडीवर, पेजेचा घोट तोंडातच राहिला.

आम्ही सुतकात असताना कोंबडा आरवला. आवाज फाटका, अर्ध्यावर मोडलेला. आई धावत बाहेर गेली आणि तिनं त्याला पंखाला धरून उचललं. मला वाटलं, आता मान मुरगळते. ती तशीच चिखलात बसली, त्याला धरून. गुरवाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आता कसला मान? राहू दे." आम्ही तो खाल्ला नाही. पावसातच केव्हातरी मुंगसानं नेला.

बाराव्यानंतर वहिनीचा बाप तिला न्यायला आला. वाडीतल्या बायका तिला पांढऱ्या पायाची म्हणत होत्या, आणि त्या दिवशी एकीनं ते आईच्या तोंडावर म्हटलं.

"माझा पोरगा गिरणीनं खाल्ला," आई म्हणाली. "हिनं त्याला पेज भरवली." मग वहिनीकडे न बघता, "जा गो. इथं बसून काय करशील? तुझा बाप म्हणेल तिथं पाट लाव, दुसरा संसार कर."

वहिनी पाया पडली आणि उतारानं निघाली. मी ओढ्यापर्यंत गेले.

पुढे काही वर्षांनी महाडच्या बाजारात ती भेटली. कडेवर पोर होतं. तिनं आधी विचारलं, "सासूबाय जेवतात का?" मी हो म्हटलं. तिनं माझ्या हातात सुकटीची पुरचुंडी दिली.

घरी आल्यावर आईनं ती चुलीवर भाजली, कांदा घातला, आणि आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. ताट धुताना तिनं विचारलं, "पोर कुणासारखं हाय?"

"तिच्यासारखंच."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि ताट पालथं घातलं.