पट्टीखालचा झेंडूचा पाला

चुरगळलेल्या झेंडूच्या पाल्याचा वास आला की मला नाशिकचं इस्पितळ आठवतं. पेनिसिलिन यायच्या आधीचे दिवस. धाकट्या बहिणीचं अपेंडिक्स काढलं होतं, पण टाक्यांतला पू थांबेना. आमचा गोदाकाठी फुलांचा मळा. विळा लागला की आई झेंडूचा पाला चोळायची. तोच तिनं पट्टीखाली दाबला. डॉक्टरांनी पट्टी सोडली तशी ती घाबरून म्हणाली, "लय गुण येतो ह्याचा." ते हळूच म्हणाले, "बाई, पू पोटातच झालाय. पाल्यानं काही बिघडलं नाही." आईला ते कधीच पटलं नाही. बहीण गेली. दर दसऱ्याला आई झेंडू तोडायची, पण बोट कापलं तर रक्त तसंच गळू द्यायची. आज सून माझ्या कापलेल्या बोटावर पाला पिळायला आली, आणि मी हात पदराखाली घेतला.