सोबतीचं माणूस

घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं की आत्याला फोन यायचा. तो फोन विचारणारा नसायचा, सांगणारा असायचा. कुठला मजला, कुठली खाट, एवढंच. येशील का, हा प्रश्न मधल्या कुठल्यातरी वर्षी गळून पडला होता आणि तो उचलून परत जागेवर ठेवावा असं कुणाला वाटलं नव्हतं.

आत्या पडदे शिवायची. एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या ढिगाआड तिचं मशीन होतं. लग्न केलं नव्हतं, म्हणून तिच्याकडे वेळच वेळ असतो असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. थोरल्या भावाचं, दादाचं हृदय, पुतणीचं बाळंतपण, पुतण्याचा मोडलेला पाय, सगळ्यांच्या रात्री आत्यानं काढल्या आणि सकाळी तशीच उठून मशीनवर जाऊन बसली. वहिनींना दवाखान्याचा वास सोसत नसे, त्यांचं डोकं उठायचं. ही गोष्ट घरात इतकी पक्की झाली होती की शेंबडं पोरही ती आल्यागेल्याला सांगायचं. वहिनींच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो वास त्यांनी कसा सोसला, हे मात्र कुणी विचारलं नाही. तेव्हाही उशाशी आत्याच होती.

दवाखान्यातली रात्र तिला पाठ होती. दिवे मंद करतात, विझवत नाहीत. पांघरूण पायांपर्यंत ओढलं की खांदे उघडे पडतात. सलाइन संपत आलं की सिस्टरला आधी सांगायचं, संपल्यावर सांगितलं तर बोलणी खायची. पहाटे कुणीतरी येऊन गाढ झोपलेल्या माणसाला हलवून उठवतं आणि झोप लागली होती का, असं विचारतं. आणि माणूस कितीही करारी असला तरी मध्येच कधीतरी डोळे उघडतो, फक्त कुणी आहे का ते बघायला. खरं तर तेवढ्यासाठीच सोबत लागते. बाकीचं सगळं सिस्टर करतातच.

मग आत्याच्याच पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन सकाळी होतं, आदल्या दिवशी दाखल व्हायचं होतं. तिनं घरी बरंच आधी सांगितलं. दादा म्हणाला, बरं झालं, उरकून टाक एकदाचं. पुढे तो काही बोलला नाही आणि तिनंही काही विचारलं नाही. रात्री सोबत लागेल, ही काय सांगायची गोष्ट आहे, असं तिला वाटलं.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत सगळी आली. दादा आला, पुतण्या आला, पुतणी आली, नाकाला रुमाल लावून वहिनीही आल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. गप्पा रंगल्या. पुतण्यानं तिच्यासाठी आणलेली सफरचंदं बोलता बोलता स्वतःच संपवली. वेळ संपल्याचं सांगत वॉचमन फिरला तशी सगळी उठली, तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. दारातून बाहेर पडताना पुतण्या बापाला म्हणाला, "चला बाबा, काळजी नाही. रात्री आत्या आहेच."

कुणी हसलं नाही. तो थट्टा करत नव्हता. सवयीनं बोलला होता, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी सवयीनंच ऐकलं. त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली तरी आत्या दाराकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकाला गेली, ती त्या बघण्यातच.

थोड्या वेळानं सिस्टर आली. रात्री जवळ कोण आहे, तिनं विचारलं. घरचं माणूस असल्याशिवाय इथे सकाळी ऑपरेशनला नेत नाहीत, आणि वॉर्ड बायकांचा, म्हणजे बाईमाणूसच हवं. आत्या गप्प बसलेली पाहून तिचा आवाज मऊ झाला. त्यात काही विशेष नाही, म्हणाली, बऱ्याच जणींना कुणी नसतं. मी तसं लिहिते, वॉर्डातल्या मावशी बसतील रात्री.

सोपं होतं. आजवर सगळं आत्यानं असंच सोपं करून दिलं होतं.

"लिहू नका," ती म्हणाली. "माणसं आहेत मला."

तिनं दादाला फोन लावला. त्यानं आधी विचारलं, आमचं काही विसरलं का तिथं? तिनं सिस्टरचं म्हणणं सांगितलं. दादानं मग उपाय काढले. पुरुषांना रात्री थांबू देत नाहीत, नाहीतर तो स्वतः आला असता. पुतणीचं ऑफिस लवकर असतं. रात्रीपुरती एखादी बाई ठेवता येईल. आणि तुला तर तिथलं सगळं माहीत आहे, तुला काय नवीन?

"वहिनींना फोन दे," आत्या म्हणाली.

वहिनी फोनवर आल्या नेहमीच्या अवघडलेल्या आवाजात. "वन्सं, मी आलेच असते हो. पण तुम्हाला माहितीये ना माझं, तो वास..."

"वास मलाही येतो, वहिनी. पहिल्या दिवसापासून येतो."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी जेवता जेवता थांबली.

"मला आज कुणीतरी हवंय," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही आला नाहीत तर उद्याचं ऑपरेशन होणार नाही. आणि ते का झालं नाही, हे मी एकेकाला फोन करून सांगेन."

तिनं फोन ठेवला. म्हातारी म्हणाली, बरं केलंस गं पोरी, आणि पुन्हा जेवायला लागली.

वॉर्डाचं दार बंद व्हायच्या आत वहिनी आल्या. नाकाला रुमाल, काखेत भली मोठी पर्स. पाण्याची बाटली नाही, चादर नाही, घरातल्या चपलासुद्धा नाहीत. वहिनींना पाहिलं की राग उतरेल असं आत्याला वाटलं होतं. तो उलट वाढला. दोन चौक ओलांडून यायचं, एवढंच तर होतं. इतक्या वर्षांत एवढंच होतं.

वहिनी खाटेशी उभ्या राहिल्या. "पाणी देऊ का?"

"आता पाणी चालत नाही."

"पाय चेपू?"

"नको."

"मग मी करू काय इथं?"

"बसा," आत्या म्हणाली.

वहिनी स्टुलावर बसल्या. स्टूल डुगडुगत होतं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. नाकावरचा रुमाल कधी हातात आला, त्यांनाही कळलं नाही. मग इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "वन्सं, इथं रात्री झोपतात कुठं?"

"झोपत नाहीत," आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळली.