शकीलभाईंच्या आरशातली पश्चिम

आमच्या शेजारचे शकीलभाई स्वतःच्या गाडीतून पुणेभर औषधांची पार्सलं पोचवतात आणि पुढच्या सीटवर त्यांच्या अम्मी, सुगराबी, दिवसभर बसून असतात. गेल्या वर्षी घरी एकट्या असताना त्या न्हाणीत पडल्या, तेव्हापासून हे असंच. नमाजाची वेळ झाली की शकीलभाई असतील त्या गल्लीत गाडीचं तोंड पश्चिमेला करून लावतात. अम्मींचे गुडघे वाकत नाहीत, त्या सीटवरच नमाज पढतात. पश्चिम कळते ती पुढच्या आरशावरून; त्यात होकायंत्र बसवलेलं आहे, दिशेचं अक्षर उमटतं.

काल कात्रजला आरसा पश्चिम दाखवत होता आणि सूर्य अम्मींच्या पाठीमागे मावळत होता!

"उद्यापासून मी घरीच," अम्मी म्हणाल्या. घरी म्हणजे पुन्हा एकट्या.

आज माझी पूजा आटोपते न आटोपते तोच शकीलभाई दारात. "मुक्ताबाई, आरसा नीट करायला निघालोय, तुम्हीही चला. अम्मी तुमचं तरी ऐकतात."

माझ्या आग्रहाने अम्मी कशाबशा गाडीत बसल्या. आरसा ताळ्यावर आणायचा तर त्याचं बटण दाबून धरायचं आणि मोकळ्या जागेत, लोखंडापासून लांब, गाडी अगदी हळू गोल फिरवायची. मोकळी जागा, आणि पुण्यात! एका मैदानात मांडवाचे लोखंडी खांब, दुसऱ्यात शे-दोनशे स्कूटर. शेवटी मार्केट यार्डाजवळ एक रिकामं आवार सापडलं. दोन फेऱ्या झाल्या आणि रखवालदार आडवा आला.

"ड्रायव्हिंग क्लास इथे नाही."

"होकायंत्र नीट करतोय, दादा."

"मग जहाज आणायचं."

हातापाया पडून नऊ फेऱ्या मारल्या. रखवालदाराने हात करून पश्चिम दाखवली; गाडी तिकडे वळवली तर आरसा म्हणे, दक्षिण. आणखी नऊ. मला मळमळायला लागलं, नामस्मरणही सुचेना. एरवी हॉर्नसुद्धा न वाजवणाऱ्या शकीलभाईंनी स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"बस झालं. घरी चल," म्हणत अम्मींनी आरशाला अडकवलेला गुडघ्याचा पट्टा ओढून काढला. आणि अक्षर बदललं!

पट्टा चुंबकाचा. महिन्यापूर्वी प्रदर्शनातून मीच कौतुकाने आणून दिलेला. गाडीत घाम येतो म्हणून अम्मी तो काढून आरशाला अडकवत. देवा, काय करून बसले मी!

मग पट्टा घेऊन मी लांब फाटकाशी उभी राहिले, भर उन्हात, आणि शकीलभाईंनी सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून मारल्या. या वेळी आरशाचं आणि रखवालदाराचं एकमत झालं.

"मनापासून पढलेली नमाज कबूल होते, अम्मी," शकीलभाई म्हणाले.

"मला शिकवू नकोस. महिन्याभराच्या सगळ्या पुन्हा पढणार. उद्या तासभर लवकर निघायचं."

म्हणजे येणार! शकीलभाईंनी डोळे पुसले. मी पट्टा पुढे केला, तर अम्मींनी तो खिडकीतूनच परतवला.

"तुमच्याकडेच राहू दे, मुक्ताबाई. गुडघा दुखला तर दुखू दे."