पठाराचा चार्ट

आमच्या घरात फोन वाजला की तो गाडीच्या चौकशीसाठीच असणार, हे मी लग्नानंतर सहा महिन्यांत शिकले. पुण्याच्या आत्याबाई निघाल्यात, गाडी कुठे पोचली? भोपाळचे भाचे येतायत, किती लेट आहे? झाशीतल्या झाडून साऱ्या मराठी घरांसाठी आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वरराव, म्हणजे चौकशीची खिडकी. आता गाडी कुठे आहे ते शेंबडं पोरसुद्धा मोबाईलवर बघतं. पण आमच्या नातेवाइकांचा मोबाईलवर विश्वास नाही, यज्ञेश्वरवर आहे.

हे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. एकतीस वर्षं. कानाला हेडफोन लावून बसायचं. एकाच लाइनवर दहा-बारा स्टेशनं; चिरगाँववाला बोलत असतो, मोठ स्टेशनवाला मध्येच तोंड घालतो, आणि यांनी ठरवायचं की कुठली मालगाडी बाजूला उभी करायची आणि कुठली एक्स्प्रेस पुढे काढायची. समोर हा एवढा मोठा कागद. वर आडवी वेळ, डावीकडे एकाखाली एक स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची तिरकी रेघ पेन्सिलीने ओढत न्यायची. त्याला चार्ट म्हणायचे. पुढे चार्ट कॉम्प्युटरवर गेला, हेडफोन मात्र कानावरच राहिला. यांनी मोठ स्टेशन कधी धड पाहिलेलं नव्हतं, पण तिथल्या मास्तरांचा खोकला ओळखायचे.

घरी आले की बोलायचे नाहीत. नवी होते तेव्हा मी यावरून खूप रडले. आपलंच काही चुकतंय असं वाटायचं. मग सवय झाली. ड्युटी संपली की मी फोन करायचे: येताना दही आणा, मुग्धाची वही आणा, गॅसवाल्याला सांगून या. पलीकडून नुसतं ‘हूं’ यायचं. त्या ‘हूं’वर मी संसार केला.

रिटायर झाल्यावर तरी चार शब्द बोलतील असं वाटलं होतं. कसलं काय! फोन दुपटीने वाढले, कारण आता यांना वेळच वेळ आहे हे सगळ्यांना कळलं होतं. कॉलनीच्या कमिटीने यांना सेक्रेटरी केलं, गणपती मंडळाने खजिनदार केलं. बिचारे नाही म्हणायला शिकलेच नव्हते. दुपारी डुलकी लागली की झोपेत म्हणायचे, “हाँ चिरगाँव, बोलिए.” मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग आमच्या लेकीने, मुग्धाने, यांच्या एकसष्टीला पुण्याहून एक सायकल पाठवली. जाड टायरची, खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांवर चालते. तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात म्हणे. इथेच झाशीत, दतिया गेटजवळ यांचा चुलतभाऊ दिवाकर राहतो. बँकेत आहे आणि सायकलचा शौकीन. दोघं पहाटे बरुआसागरपर्यंत जायला लागले. आणि एके दिवशी यांनी जाहीर केलं की फेब्रुवारीत सातपुड्याचं पठार सायकलने पार करायचं. पिपरियापर्यंत रेल्वे, मग मटकुलीहून वर चढायचं, आणि जंगलातल्या मुरमाच्या वाटांनी फिरत फिरत चौथ्या दिवशी तामियाला उतरायचं. पक्की सडक शक्यतो टाळायची.

लग्नाला तीस वर्षं झाली, पण हा माणूस कशासाठी इतका झटताना मी पाहिला नव्हता. माळ्यावरून जुन्या चार्टचं कोरं भेंडोळं काढलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. महिनाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. स्टेशनांच्या जागी गावं, नाले, फॉरेस्टची नाकी. गाडीच्या रेघेच्या जागी दोन सायकली. आणि सकाळ-दुपार फोन. जो माणूस फोनला कंटाळलेला, तो आपणहून फोन लावत होता! फॉरेस्ट गार्डला, चहाच्या टपरीवाल्याला, कुठल्याशा शाळेतल्या मास्तरांना. “भैयाजी, आगे का रास्ता कच्चा है? नाले में पानी है क्या? और एक बात बताइए, वहाँ मोबाइल लगता है?”

हा शेवटचा प्रश्न प्रत्येकाला. उत्तर आलं की चार्टवर लाल पेन्सिलीने जाड पट्टा ओढायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, इथे फोन लागत नाही. पाहता पाहता अर्ध्याहून जास्त चार्ट लाल झाला. दुसऱ्या दिवशी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लालच लाल.

मी घाबरले. एकसष्ट वर्षांचा माणूस, ब्लड प्रेशरची गोळी चालू, आणि दिवसभर जंगलात फोनशिवाय. मला वाटलं, धोक्याच्या जागा म्हणून खुणा केल्यात, पण टाळता येत नाहीत म्हणून गप्प बसलेत. यांना सांगून उपयोग नव्हता. म्हणून मी चार्टचा फोटो काढला आणि सरळ दतिया गेट गाठलं. दिवाकरला म्हटलं, भावजी, एवढे लाल पट्टे काढून टाका, पण यांना माझं नाव सांगू नका.

दिवाकर भला माणूस. त्याने तीन दिवस खपून सगळा रस्ता नव्याने आखला. अर्ध्या तासाच्या आत कुठे ना कुठे टॉवर येईल असा. त्यासाठी मुरमाच्या वाटा बहुतेक गेल्या, डांबरी सडक आली. शिवाय रोज चार वेळा घरी फोन करायच्या जागाही ठरवल्या. रविवारी पोहे खाता खाता त्याने तो कागद यांच्यापुढे ठेवला. “दादा, आता कुणाला काळजी नको,” म्हणाला.

यांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ वाचला. मग “छान केलंस,” म्हणाले, आपला चार्ट गुंडाळला आणि माळ्यावर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी सायकल काढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दिवाकर बोलवायला आला तर गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाईंचा गाडीसाठी फोन आला आणि हे निमूटपणे त्यांना गाडीची वेळ सांगत बसले. ते पाहून मला राहवलं नाही. मी सरळ कबूल केलं की दिवाकरला मीच सांगितलं होतं, आणि रागावायचं तर माझ्यावर रागवा.

“रागावलो नाही गं,” हे म्हणाले. “थकलोय. मला पठारावर जायचं होतं ते तेवढ्याचसाठी. शोधून शोधून काढल्या होत्या त्या जागा.”

“फोन लागत नाही म्हणून?”

“हो. एकतीस वर्षं कुणी ना कुणी कानात बोलतंय. अजून बोलतंय. मला दोन-चार दिवस कुणी विचारायला नको, मला कुणाला सांगायला नको.”

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. “माझा फोनपण नको?”

माझ्याकडे बघत म्हणाले, “तुझापण नको.”

खरं सांगते, मला फार लागलं. त्या दिवशी पोळ्या मी अशा काही लाटल्या की पोळपाट फुटला नाही हेच नशीब. दही आणा, वही आणा. मी समजत होते की या माणसाशी बोलायला मिळतं ते एवढंच, आणि यांच्या कानाला ते आणखी एक स्टेशन होतं. दोन दिवस मी अबोला धरला. मग लक्षात आलं की अबोल्याने यांना उलट बरंच वाटत असेल, आणि माझं मलाच हसू आलं. हसू ओसरलं तेव्हा मी स्टूल घेतलं, माळ्यावरचा चार्ट काढला, फडक्याने पुसला आणि दिवाकरच्या घरी नेऊन दिला. म्हटलं, याच रस्त्याने जा. तुमचा फोन तुमच्या खिशात राहू दे, यांचा घरी राहील. गोळ्या तेवढ्या वेळेवर द्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं गेले. यांचा फोन चार दिवस माझ्याकडे होता. पहिल्या दिवशी सतरा वेळा वाजला. कमिटी, मंडळ, आत्याबाई, पाण्याची टाकी, इंदूरची गाडी. प्रत्येकाला सांगायचं की ते नाहीत, आणि प्रत्येकाने विचारायचं की मग केव्हा येतील. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा कान गरम झाला. तिसऱ्या दिवशी फोन वाजला की अंगावर काटा यायचा. पण बंद करायची हिंमत नव्हती; न जाणो, जंगलातूनच कुणाचा आला तर. कसेबसे दोन घास पोटात जायचे.

चौथ्या दिवशी चारच्या सुमाराला माझ्या स्वतःच्या फोनवर दिवाकरचा नंबर दिसला. मी देवापुढे होते, तशीच धावले. ते तामियाला पोचले होते. एकदा टायर बसला, एका नाल्यात सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या, बाकी सगळं सुखरूप. दादांनी गोळी एकदाही चुकवली नाही, म्हणाला. तीन दिवसांत दहा वाक्यंसुद्धा बोलले नाहीत, पण काल झऱ्यावर बसून गुणगुणत होते. मी यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

“इथेच बसलेत समोर, दगडावर,” दिवाकर म्हणाला. “देऊ का फोन?”

यांचा आवाज ऐकायला जीव नुसता तळमळत होता माझा. ‘हूं’ म्हणाले असते तरी चाललं असतं.

“नको,” मी म्हटलं. “बसू दे त्यांना.”