अक्काचा दगड

"चपला काढा, आणि दोघंही या बाजूला उभे राहा!" अक्का ओरडली, आणि मल्लेश्वरमच्या त्या जुन्या शंकराच्या देवळावरची सगळी कबुतरं उठून थेट म्हैसूरला गेली. त्यातली काही अजून परतलेली नाहीत. यशवंतपूर स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागं अक्काची नोकरी झाली. माइक बंद असला तरी तिचं बोलणं सुटलेल्या गाडीतल्या माणसाला पुढच्या स्टेशनात ऐकू जायचं. मी यात काहीही वाढवलेलं नाही.

अक्का म्हणजे आमची थोरली बहीण. निपाणीहून विसाव्या वर्षी बंगळूरला आली आणि पुढं दादाला न् मलाही तिनंच इथं ओढलं. दादा व्हाइटफील्डला, मी इलेक्ट्रॉनिक सिटीत. मधे एवढी गर्दी, की एकदा दादाकडं निघालो तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती, पोचलो तेव्हा तिसरीत. म्हणून अक्कानं भाऊबीजच घराबाहेर काढली. ओवाळणीचं ताम्हन पिशवीत घालून ती आम्हाला गावातल्या एखाद्या जुन्या जागी बोलवायची. एका वर्षी किल्ल्याच्या दरवाजात, एका वर्षी लालबागेतल्या खडकावरच्या बुरुजाखाली. "आधी दगड, मग दोसा," हा तिचा नियम. इतिहास पोटात गेल्याशिवाय पाण्याचा घोट मिळत नसे.

इतिहासातली माणसं तिच्या लेखी आमच्याच भावकीतली. "हा राजा तापट. आपल्या बापूकाकासारखा. सकाळी न खाता लढाईला गेला की डोकं फिरायचं त्याचं." दादा विचारायचा, "अक्का, हे कुठं लिहिलंय?"

"लिहीत बसायला ते तुझ्यासारखे ऑफिसात होते काय रे?"

कबुतरं उडाली त्या वर्षी मात्र दादा काहीच विचारत नव्हता, कारण शेजारी मी उभा होतो आणि आमचा दोन वर्षांचा अबोला होता. माझ्या घराच्या वास्तुशांतीला तो सकाळी सातला निघाला आणि गाड्या हलत नाहीत म्हणून रिंगरोडवरूनच परत फिरला. मी पाटावर बसून दाराकडं बघत राहिलो. संध्याकाळी फोनमधलं त्याचं नाव पुसून मी तिथं 'रिंगरोड' असं घातलं. पुढच्या दोन भाऊबिजांना अक्कानं आम्हाला वेगवेगळं ओवाळलं आणि दोन्हीकडं दोसा खाल्ला. तिसऱ्या वर्षी एकमेकांना न सांगता दोघांना एकच वेळ दिली.

त्या देवळात भोसल्यांच्या काळातला शिलालेख आहे, हे आम्हीही ऐकून होतो. पिंपळाच्या सावलीत हळदकुंकवानं माखलेला एक दगड होता. अक्का त्याच्यापुढं बसली आणि ओळींवरून बोट फिरवत वाचायला लागली. कन्नड आम्हाला 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं एवढंच, अक्षरओळख शून्य.

"राजानं देवाच्या दिव्यासाठी गाव दिलं," अक्कानं वाचलं. "जो हे मोडील त्याला काशीत गाय मारल्याचं पाप." मग बोट खालच्या ओळीवर आलं आणि जरा रेंगाळलं. "आणि ज्या सख्ख्या भावांत अबोला असेल, त्यांनी आज एकातलं अर्धं अर्धं प्यावं. नाही प्याले तर त्यांनाही तेच पाप."

दादा इंजिनीअर, मी इंजिनीअर. दोघंही मुकाट्यानं दगडाच्या पाया पडलो.

ओवाळून झाल्यावर तिनं आम्हाला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. तिथल्या बेन्ने दोशावर लोणी एवढं, की त्यात बुडालेला चमचा अजून सापडलेला नाही. उभ्यानं खायची जागा. आमच्यात दगडी टेबल आणि अक्का. तिनं काउंटरकडं बघून हाक दिली, "ओंदु कॉफी, बाय-टू." एकच कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. एक पेला त्याच्याकडं सरकवला, एक माझ्याकडं, आणि स्वतः चटणी आणायला गेली. एवढ्या वेळात खोबरं खवून आणता आलं असतं.

दादानं घोट घेतला. पेल्यात बघत म्हणाला, "साखर जास्त आहे."

"हो," मी म्हटलं.

"त्या दिवशी मी नऊ वाजेपर्यंत एकाच जागी होतो रे."

"दुसरा दोसा घे," मी म्हणालो.

अक्का निवृत्त झाली आणि निपाणीला परत जायचं ठरवून बसली. इथल्या शेवटच्या भाऊबिजेला तिनं आम्हाला पुन्हा त्याच दगडापाशी बोलावलं. माझी मुलगी आता सहावीत, शाळेत कन्नड. अक्का ताम्हनात निरांजन लावत होती तेवढ्यात मुलगी दगडापुढं वाकली आणि हळूच माझ्या कानाशी आली. "बाबा, यात राजा कुठंय? देवळात पाण्याचा नळ बसवायला मदत केली त्यांची नावं आहेत. शिलालेख तो तिकडं." मी तिला गप्प बसवलं आणि कपाळ पुढं केलं.

अक्काची बेळगावची गाडी यशवंतपूरहून होती. मी फलाटावर पोचलो तेव्हा दादा तिच्या ट्रंकेवर बसलेला. व्हाइटफील्डहून तो गाडीच्या चार तास आधी आला होता. अक्का खिडकीत बसली, पिशव्या मोजल्या, आम्हाला उगाच दोनदा रागावली. चौकशीच्या खिडकीमागून लोकांच्या गाड्या सांगणारी बाई आता स्वतःच्या गाडीत आहे, हे मला नीट बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी मनात ठेवलेलं बोलून टाकलं.

"अक्का, आपला तो दगड नळाचा आहे. शिलालेख पलीकडं आहे."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "तिकडं ऊन असतं."