गाठीचा स्वभाव

आर्नहेममधल्या आमच्या इमारतीतल्या डच आजोबांचा दांडगा कुत्रा लिफ्टमध्ये मला हुंगायचा. मी भिंतीला चिकटायचे. आजोबा पट्टा सैल सोडून हसायचे आणि दर वेळी तोच शब्द म्हणायचे, "खुदआर्दिख!" म्हणजे स्वभावाने चांगला.

पुढे हॉस्पिटलात कळलं, डच भाषेत गाठीलाही स्वभाव असतो. चांगल्या स्वभावाची जागच्या जागी राहते, वाईट स्वभावाची अंगभर पसरते.

काल माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मोबाइलवर आला. वाचायचा धीर होईना. लिफ्टमध्ये मी फोन आजोबांपुढे धरला. "तुम्हीच वाचा ना."

त्यांनी सावकाश वाचलं. मी त्या एका शब्दाची वाट बघत राहिले. आजोबांनी फोन माझ्या हातात परत ठेवला. कुत्रा त्यांच्या पायाशी पेंगत होता, तरी त्यांनी पट्टा मुठीत आवळून धरला होता.